तांब्याच्या सेंटचा दर्जा ठरवायचा कोणी?

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १२ नोव्हेंबर २०२५ रोजी चलनासाठीचे अखेरचे एक सेंटचे नाणे पाडण्यात आले आणि १७९३ पासून सुरू असलेली एक परंपरा २३२ वर्षांनी संपुष्टात आली. एक सेंट किमतीचे नाणे तयार करण्यास साडेतीन सेंटहून अधिक खर्च येत होता. असा आतबट्ट्याचा व्यवहार कधी तरी थांबणारच होता. मात्र ज्या नाण्याला आज सरकारच्या लेखी एका सेंटचेही मोल उरलेले नाही, त्याच्या पहिल्या पिढीतील एका प्रतीसाठी जानेवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो येथील लिलावात १३ लाख ८० हजार डॉलर मोजले गेले होते. ते नाणे १७९३ चे, मागील बाजूवर साखळीचे चित्र असलेले होते. त्या वर्षी मार्च महिन्यात अशी अवघी ३६,१०३ नाणी पाडली गेली होती. स्वतंत्र झालेल्या देशाच्या नाण्यावर साखळी कशाला, अशी टीका झाल्यानंतर ती लगेच काढून तिच्या जागी पानांची वेल आणण्यात आली.

किमतीचे हे गणित केवळ दुर्मिळतेवर सुटत नाही. साखळीचे इतर सेंटही बाजारात येतात. झिजून चेहरा पुसट झालेले नाणे काही हजार डॉलरला मिळते. ऑरलँडोतील नाण्याच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर ६५ हा आकडा होता, आणि तो आकडाच सारा फरक घडवून गेला. हा आकडा देतो कोण, कशाच्या आधारे देतो आणि त्यावर किती विसंबावे, हा वाद अमेरिकेतील तांब्याच्या नाण्यांच्या संग्राहकांमध्ये गेली काही दशके धुमसत आहे. कोणे एके काळी तो चार हौशी मंडळींपुरता होता. आता त्यात लाखो डॉलर गुंतलेले आहेत.

अमेरिकेच्या टाकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात अर्ध्या सेंटची आणि आकाराने मोठी अशी एक सेंटची नाणी शुद्ध तांब्याची पाडली. सुरुवातीचा सेंट जवळजवळ साडेतेरा ग्रॅमचा होता. तांबे महागल्याने १७९५ च्या अखेरीस तो अकरा ग्रॅमच्या आत आणण्यात आला. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने ही दोन्ही नाणी बंद झाली. या ६४ वर्षांत एक सेंट पडला नाही, असे १८१५ हे एकच वर्ष. ब्रिटनशी झालेल्या युद्धामुळे तिकडून येणाऱ्या तांब्याच्या कोऱ्या चकत्या थांबल्या होत्या. या चकत्यांचा मोठा पुरवठा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो कारखान्यातून होत असे. याच कारखान्याने १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तराजूचे चित्र असलेली तांब्याची नाणी पाडून पाठविली होती. फिलाडेल्फियाचा सेंट आणि मुंबईचा पैसा हे या अर्थाने एका घरचे म्हणता येतील.

बोल्टन यांचा माल येण्यापूर्वीची स्थिती मात्र बिकट होती. टाकसाळीला मिळेल ते तांबे वापरावे लागे. जुनी भांडी, मोडीचे पत्रे, काहीही. न्यू यॉर्कच्या एका व्यापारी पेढीने काढलेली तांब्याची टोकने विकत घेऊन, ती कातरून त्यांवर अर्ध्या सेंटचा ठसा उमटविण्याचे प्रकार १७९५ आणि १७९७ मध्ये झाले. अशा नाण्यांवर खालचे जुने चित्र आजही डोकावताना दिसते. साचे हाताने कोरलेले असत. एक तडकला की दुसरा, आणि दुसरा पहिल्यासारखा कधीच नसे. केस कुठे अधिक कुरळे, आकडे कुठे तिरके, पाने कुठे कमी. १७९३ ते १८१४ या काळातील सेंटचे असे २९५ प्रकार क्रमांक देऊन नोंदविले गेले आहेत, शिवाय जे इतके दुर्मिळ की संग्रहात येणे कठीण मानले गेले, त्यांची यादी वेगळीच.

दर्जा ठरविण्यातील अडचण इथेच सुरू होते. आधुनिक यंत्रावर पाडलेल्या नाण्याचा तपशील पुसट दिसला तर ते झिजले आहे असे बेलाशक म्हणता येते. सन १७९४ च्या सेंटवर स्वातंत्र्यदेवतेचे केस सपाट दिसले, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. नाणे हाताळणीने झिजले असेल. साचाच झिजलेला असेल. दोन साचे समांतर न बसल्याने एका बाजूला दाब कमी पडला असेल. किंवा चकतीच उणी असेल. यांतले फक्त पहिले कारण दर्जाशी संबंधित आहे. बाकीची तीन नाण्याच्या जन्मवेळची आहेत. नवख्याला ती एकसारखी दिसतात. जाणकार आधी नाण्याचा प्रकार आणि साच्याची अवस्था ओळखतो, मग त्याच प्रकाराच्या उत्तम प्रती कशा दिसतात ते आठवतो आणि त्यानंतरच झिजेचा विचार करतो. शिवराई जमविणाऱ्या आपल्याकडील संग्राहकांना हे सांगावे लागणार नाही. चकतीपेक्षा साचा मोठा असल्यामुळे पूर्ण अक्षरे असलेली शिवराई क्वचितच हाती लागते, आणि अपुऱ्या अक्षरांना झीज म्हणण्याची चूक कोणी करत नाही.

मानसशास्त्रज्ञाचे गणित

आज जगभर नाण्यांचा दर्जा १ ते ७० या मापात सांगितला जातो. शंभर नाही, पन्नास नाही, सत्तरच का, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाकडे जाते. माणसाच्या शरीराच्या ठेवणीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, असा सिद्धांत मांडून आणि शरीरांना आकडे देऊन शेल्डन प्रसिद्धीस आले होते. तो सिद्धांत पुढे शास्त्रज्ञांनी मोडीत काढला. नाण्यांना दिलेले आकडे मात्र टिकले.

सन १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या आरंभीच्या सेंटवर एक ग्रंथ लिहिला. १९५८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. बाजारात त्या काळी १७९४ च्या सेंटला काय भाव मिळतो याचे निरीक्षण करून त्यांनी एक सोपे सूत्र मांडले. ज्या नाण्याचा प्रकार जेमतेम ओळखता येतो, त्याला १ दर्जा आणि त्याची किंमत ती मूळ किंमत. पूर्णपणे निर्दोष, टाकसाळीतून आताच आल्यासारख्या नाण्याला साधारण सत्तरपट भाव मिळतो, म्हणून त्याला ७०. मधल्या अवस्थांना ४, ८, १२, २०, ३०, ४०, ५०, ६० असे आकडे. दर्जाला मूळ किमतीने गुणले की झाला भाव. मूळ किंमत दोन डॉलर आणि दर्जा ३० असेल, तर नाणे साठ डॉलरचे.

म्हणजेच हा आकडा मुळात तांब्याच्या अवस्थेचे मोजमाप नव्हताच; तो १९४० च्या दशकातील भावाचा तक्ता होता. त्यामुळेच पायऱ्यांमधील अंतरे विषम आहेत. ४ आणि ८ मधला फरक डोळ्यांना सहज दिसतो. ५० आणि ६० मधला दिसण्यासाठी भिंग आणि चांगला दिवा लागतो. पण भावातला फरक खालच्या टोकाला थोडा आणि वरच्या टोकाला मोठा, म्हणून आकडेही तसे पडले. काही वर्षांतच भाव या सूत्राला सोडून पळाले. आज उत्तम सेंट हा निकृष्ट सेंटच्या सत्तरपट नव्हे, कित्येक शेकडा पटीने विकला जातो. सूत्र मेले आणि त्याचा सांगाडा तेवढा उरला. त्या सांगाड्यावर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये सर्व अमेरिकी नाण्यांच्या दर्जाचे अधिकृत निकष उभारले. शेल्डनने वरच्या गटात ६०, ६५ आणि ७० एवढ्याच पायऱ्या ठेवल्या होत्या. पुढे मधल्या सर्व आकड्यांना अर्थ चिकटविण्यात आला. तांब्याच्या एका विशिष्ट वर्षाच्या नाण्यासाठी बेतलेला अंगरखा अशा रीतीने सोन्याचांदीच्या नाण्यांनाही चढविला गेला.

शेल्डन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. न्यू यॉर्क येथील अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडे पिट्सबर्गचे उद्योजक जॉर्ज क्लॅप यांनी आपला सेंटचा संग्रह दान केला होता. अभ्यासक म्हणून शेल्डन यांना तो मुक्तपणे हाताळता येई. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ नंतर, बऱ्याच वर्षांनी असे उघड झाले की क्लॅप यांच्या संग्रहातील उत्तम नाणी काढून घेऊन त्या जागी त्याच प्रकारची, पण कमी दर्जाची स्वतःची नाणी त्यांनी ठेवली होती. मोजदाद केली तर संख्या बरोबर भरे, प्रकारही बरोबर भरे. उणा होता तो फक्त दर्जा. चोरीचा नेमका लाभ किती, हे चोराइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते, कारण मोजपट्टी त्याचीच होती.

हा प्रकार उघडकीला आला तो जुन्या छायाचित्रांमुळे. तांब्याच्या प्रत्येक नाण्यावर ओरखडे, खड्डे, काठावरचे पोचे यांची आपली अशी एक खूण असते. ज्या दोषांमुळे नाण्याचा दर्जा उतरतो, तेच दोष त्याच्या ओळखीचा पुरावा ठरतात. छायाचित्रातील खुणा ट्रेमधील नाण्यांवर नव्हत्या. त्या इतर संग्राहकांच्या नाण्यांवर सापडल्या. ज्याने शेल्डन यांचा संग्रह १९७२ मध्ये रीतसर विकत घेतला होता, त्या संग्राहकाचा आणि सोसायटीचा वाद कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत गेला. चोरीची वस्तू परत मागण्याची मुदत चोरी झाल्यापासून नव्हे, तर मालकाला तिचा पत्ता लागल्यापासून मोजली जावी, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने १९९६ मध्ये दिला.

वेष्टनातील आकडा

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत नाणी ही गुंतवणूक म्हणून विकली जाऊ लागली आणि विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जावर विश्वास ठेवून फसलेल्या ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या. विक्रेता विकताना ६५ म्हणे आणि परत घेताना ६० म्हणे. यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी कामास सुरुवात केली. नाणे कंपनीकडे पाठवायचे, तिथले परीक्षक त्याचा दर्जा ठरवणार, नाणे कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बंद होणार आणि त्यावर आकडा छापला जाणार. ज्याला नाणे ओळखता येत नाही, तोही आता नाणे विकत घेऊ शकत होता. बाजार वाढला तो या सोयीमुळे, हे मान्य केलेच पाहिजे. बनावट आणि छेडछाड केलेली नाणी बाजूला काढण्याचे काम या कंपन्यांनी केले, तेही मोलाचे आहे.

परंतु आकडा छापला म्हणजे मोजमाप झाले, असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० मध्ये पीसीजीएसच्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि दर्जा ठरविण्यात व्यक्तिगत मताचा भाग असतो असा खुलासा करण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटले. त्याच वर्षी कंपनीने संगणकाकरवी दर्जा ठरविण्याचा प्रयोग जाहीर केला होता. तो फार काळ चालला नाही. पुढे २००७ मध्ये सीएसी नावाची आणखी एक संस्था निघाली. तिचे काम काय, तर आधीच्या कंपन्यांनी दिलेला आकडा त्या आकड्याच्या मानाने भक्कम आहे का ते तपासून वेष्टनावर हिरवे चिकटपत्र लावणे. परीक्षकाचे परीक्षण करण्यासाठी तिसरा परीक्षक लागतो, यातच सारे आले. या संस्थेने २०२३ मध्ये स्वतःही दर्जा देण्यास प्रारंभ केला.

तांब्याच्या नाण्यांच्या जुन्या संग्राहकांनी या व्यवस्थेशी कधीच पूर्ण सोयरीक जुळवली नाही. अर्ली अमेरिकन कॉपर्स ही त्यांची संघटना १९६७ पासून काम करते. तिच्या सदस्यांची दर्जा ठरविण्याची पद्धत निराळी आणि अधिक कडक आहे. ती दोन टप्प्यांची आहे. आधी केवळ झीज पाहून तपशिलाचा दर्जा ठरवायचा. मग पृष्ठभागाकडे वळायचे. गंजाचे बारीक खड्डे, हिरवा कळंक, खरवडल्याच्या खुणा, काठाचा पोचा, अनैसर्गिक रंग या प्रत्येकासाठी दर्जातून काही ना काही वजा करायचे आणि जे उरेल तो निव्वळ दर्जा. पगारातून कपात होऊन हातात पडावे तसे हे आहे.

समजा, १७९४ चा एक सेंट आहे. केसांच्या बटा बऱ्यापैकी शाबूत आहेत. झिजेपुरता दर्जा ३०. पण हे नाणे कधी तरी ओल्या मातीत पडलेले होते, त्यामुळे सर्वत्र सुईच्या टोकासारखे खड्डे आहेत. संघटनेचा सदस्य त्याला १२ किंवा १५ म्हणेल. कंपनीचा परीक्षक दोनपैकी एक गोष्ट करील. खड्डे सौम्य वाटले तर नजरेआड करून २५ किंवा ३० छापेल; तीव्र वाटले तर आकडाच नाकारून ‘तपशील ३० चा, परंतु गंजलेले’ असा शेरा मारील. पहिल्या स्थितीत खरेदीदार खड्ड्यांचेही पैसे मोजतो. दुसऱ्या स्थितीत एक सुंदर, अभ्यासण्याजोगे नाणे बाजारात वाळीत पडते. ‘एवढे खड्डे आहेत तर एवढे कमी’ असे सांगण्याची सोय कंपनीच्या आकड्यात नाही.

आरंभीच्या तांब्याला ही सोय नसणे फार महागात पडते, कारण दोषरहित असे नाणे जवळजवळ मिळतच नाही. चांदी काळवंडते आणि थांबते. तांबे हवेशी, घामाशी, ओलीशी आयुष्यभर झगडत राहते. सन १८०८ ते १८१४ मधील सेंटचे तांबे विशेष मऊ होते आणि ते फार लवकर काळे पडले. उलट १८१६ ते १८२० मधील काही सेंट आजही लालबुंद मिळतात. यादवी युद्धानंतर जॉर्जियात सापडलेल्या, पिंपात भरलेल्या साठ्यातले ते होत. इंग्लंडमधील एका सरदार घराण्याकडे १७९४ च्या काही नाण्यांचा असाच ठेवा राहिला होता. त्यांचा कोणी पूर्वज १७९४-९५ मध्ये अमेरिकेत फिरून आला होता. तो ठेवा १९६४ मध्ये लंडनला लिलावात निघाला. उत्तम अवस्थेतील तांबे टिकते ते अशा योगायोगांनी.

रंगाचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. कंपन्या तांब्याच्या नाण्यांना आकड्याबरोबर लाल, तांबूस-तपकिरी किंवा तपकिरी असे रंगाचे विशेषणही देतात आणि लाल म्हटले की भाव कित्येक पटींनी चढतो. पण लाल रंग ही क्षणाची अवस्था आहे. वेष्टनात बंद झाल्यावरही ती पालटू शकते. त्यामुळे १ जानेवारी २०१० नंतर तांब्याच्या नाण्याच्या रंगात होणाऱ्या बदलाची हमी देणे पीसीजीएसने थांबविले. वेष्टनावर ‘लाल’ छापलेले असते आणि आत नाणे तपकिरी होत असते. तोटा झाला तर तो मालकाचा. आपल्याकडे देवघरातला तांब्या चिंचेने घासून लखलखीत करण्याची रीत आहे. नाण्याला ती लावली तर दोनशे वर्षांची तपकिरी कांती जाऊन येणारा गुलाबी रंग जाणकाराला दुरूनच ओळखू येतो आणि नाण्याची किंमत निम्म्याहून खाली येते. मग ती लबाडी झाकण्यासाठी गंधकाचा प्रयोग करून पुन्हा तपकिरी रंग चढवायचा, असेही उद्योग चालतात.

संघटनेतील जुनी मंडळी आपली नाणी सुती अस्तराच्या लहान पाकिटांत ठेवतात आणि अधूनमधून मऊ कुंचल्याने झटकतात. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले नाणे बोटांत धरता येत नाही, हा त्यांचा आक्षेप केवळ भावनिक नाही. सन १७९३ ते १७९५ मधील जाड सेंटच्या कडेवर अक्षरे कोरलेली असत. जुन्या वेष्टनांत ती कड पूर्ण झाकली जाई, म्हणजे नाण्याचा प्रकार पडताळण्याचा एक पुरावाच मालकाच्या नजरेआड होत असे. पुढे कड दिसेल अशी वेष्टने आली खरी, पण तोवर अनेकांनी वेष्टने फोडून नाणी बाहेर काढली होती.

वेष्टने फोडण्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते एवढे निर्मळ नाही. ३० मिळालेले नाणे फोडून पुन्हा पाठवायचे, ३५ मिळते का पाहायचे. नाही मिळाले तर आणखी एकदा. प्रत्येक फेरीचे शुल्क कंपनीला मिळते. आकडा एकदा वर गेला की तो पुन्हा खाली आणण्यासाठी नाणे कोणी पाठवीत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे आकडे फक्त चढत जातात, नाणे आहे तिथेच असते. ही केवळ संग्राहकांची कुरकुर म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ज्यांनी सेवानिवृत्तीचे पैसे या आकड्यांत घातले आहेत, त्यांचा सारा हिशेब त्यावर उभा आहे.

मात्र जुन्या संघटनेची पद्धत म्हणजे निर्दोष न्याय, असेही नव्हे. खड्ड्यांसाठी किती वजा करायचे, याचे कोष्टक कोठेही नाही. पंधरा सदस्यांकडून तीन-चार वेगळे आकडे सहज येतील. प्रत्येक प्रकाराच्या सर्वोत्तम सहा ज्ञात प्रतींची क्रमवारी लावण्याची प्रथा शेल्डन यांच्यापासून आहे, आणि ज्याचे नाणे चौथ्या क्रमांकावर आहे त्याला ते तिसऱ्यावर हवे असते. शिवाय वजाबाकी करून आलेला १२ आणि स्वच्छ, गुळगुळीत, नुसता झिजलेला १२ ही दोन नाणी दिसायला अगदी निराळी. पण आकडा एकच. म्हणून आकड्याच्या मागे पृष्ठभागाविषयी उत्तम, मध्यम किंवा कनिष्ठ असा शब्द जोडण्याची पद्धत पडली. हे सारे बराच काळ गुरुमुखातूनच शिकावे लागे. संघटनेने दर्जा ठरविण्याची सचित्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली ती २०१४ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ४७ वर्षांनी.

दुर्मिळता टोकाची असली की हे सारे वाद बाजूला पडतात, हेही तितकेच खरे. स्ट्रॉबेरीच्या पानांसारखी पाने असलेल्या १७९३ च्या सेंटच्या केवळ चार प्रती ज्ञात आहेत आणि चारही चांगल्याच झिजलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत बरी प्रत २००४ मध्ये चार लाख १४ हजार डॉलरला आणि २००९ मध्ये आठ लाख ६२ हजार ५०० डॉलरला विकली गेली. वेष्टनावरचा आकडा होता १२. इथे घेणाऱ्याने आकडा विकत घेतला नाही. चारातले एक नाणे घेतले. पण अशी नाणी किती? खरा प्रश्न पाचशे ते पाच हजार डॉलरच्या टप्प्यातील सेंटचा आहे. तेथे १५ आणि ३० मधल्या फरकाने भाव दुप्पट-तिप्पट होतो आणि घेणारा बहुधा वेष्टन वाचून घेत असतो.

मोठ्या लिलावगृहांनी यावर आपल्यापुरता मध्यममार्ग काढला आहे. तांब्याच्या नाण्यांच्या त्यांच्या सूचीत मथळ्याला कंपनीचा आकडा असतो आणि खालच्या बारीक मजकुरात, नाण्याच्या प्रकाराचा क्रमांक व खड्ड्यांचे वर्णन झाल्यावर, संघटनेच्या पद्धतीनुसारचा दर्जाही दिलेला असतो. तो बहुतेक वेळा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच असतो. नेहमीचे बोली लावणारे खालचा मजकूर आधी वाचतात.